उमेदवारीपासून मुलाखतीपर्यंत

नोकरी मागावयास निघालेल्या माणसाला मराठीत उमेदवार म्हणतात. शब्द फारसीतून आला आहे आणि मोठा दिलदार आहे. उमेद म्हणजे आशा. ती ज्याच्यापाशी आहे तो उमेदवार. खिशात काही नसले तरी चालेल, आशा हवी, एवढीच ह्या शब्दाची अट. मुलाखत हा शब्द अरबीतून आला. पेशवाईच्या कागदांत मुलाखती होतात त्या सरदारांच्या, वकिलांच्या, निजामाच्या आणि श्रीमंतांच्या. दोन तोलामोलाची माणसे समोरासमोर बसली की ती मुलाखत. आज मात्र एकजण मुलाखत देतो आणि चौघे ती घेतात. शब्दातला बरोबरीचा भाव वाटेत कुठेतरी गळून पडला. तो कुठे गळला आणि उमेदवाराला तो परत कसा मिळवता येईल, हे शोधावे म्हणून हा लेख.

ह्या शोधाला निमित्त झाले ते हिंजवडी. मुळशी तालुक्यातले हे गाव पूर्वी पंचक्रोशीला ठाऊक होते ते म्हातोबाच्या बगाडामुळे. हनुमान जयंतीला ते बगाड आजही निघते, वाकडपर्यंत जाते आणि लोक लोटतात. गेल्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने इथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसवले. हिंजवडी, माण, मारुंजी ह्या गावांच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि गावाला दुसरी यात्रा सुरू झाली. ही यात्रा बारमाही आहे. तिचे यात्रेकरू वीस-बावीस वर्षांचे, हातात प्लॅस्टिकची फाईल, अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायांत बहुधा पहिल्यांदाच घातलेले बूट. बीड, लातूर, वाशीम, जळगाव, सगळीकडची मुले-मुली वाकडच्या पुलाखाली उतरतात आणि रिक्षावाल्याला फेज एक की दोन ते सांगतात. मी वाकडला राहतो. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीच्या मुलांची मुलाखतीची तयारी करून घेतो. त्यांची भीती पाहून मला वाटले, की ही खुर्ची पहिल्यांदा कोणी मांडली, तिच्यावर आजवर कोण कोण बसले, हे ह्या मुलांना कोणीतरी सांगावयास हवे.

आपल्याकडे नोकरी देण्याची जुनी रीत मुलाखतीची नव्हतीच. ती उमेदवारीची होती. कचेरीत कारकून व्हावयाचे तर मुलगा आधी उमेदवार म्हणून बसे. पगार नाही. मोडी अक्षर वळवावे, जमाखर्च शिकावा, जुन्या कारकुनांचे कागद नकलून द्यावेत. वर्ष, कधी दोन वर्षे असे काम झाले आणि जागा रिकामी पडली की मग नेमणूक होई. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार तिथला. ह्या रीतीत एक मोठा गुण होता. माणूस कसा आहे हे विचारावे लागत नसे. वर्षभर दिसतच असे. हिशेबात किती चुका करतो, चूक दाखवल्यावर कसा वागतो, सांगितलेले काम किती दिवसांनी परत आणतो, ह्या साऱ्याला साक्षीदार असत. दोष मात्र तेवढाच मोठा होता. बिनपगारी वर्ष काढावयास घरचे खाणे लागे आणि कचेरीच्या उंबऱ्याच्या आत यावयास कोणाचा तरी हात धरावा लागे. ह्या हाताला आपण वशिला म्हणतो. पोटाची भ्रांत असलेल्याला आणि जातीने बाहेर ठेवलेल्याला ही उमेद बाळगण्याचीही सोय नव्हती.

तोंडी परीक्षाही पुण्याला नवी नाही. श्रावणात विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केली आणि १७३१ नंतर ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. दूरदूरचे शास्त्री-वैदिक इथे येत, त्यांची विद्या जाणत्या शास्त्र्यांसमोर पारखली जाई आणि त्या मानाने दक्षिणा ठरे. प्रश्न विद्येचे असत, हे खरे. परंतु प्रश्नापर्यंत पोहोचावयाचे तर ब्राह्मण असावे लागे. म्हणजे ‘तुला काय येते?’ हे विचारण्याआधी ‘तू कोणाचा?’ ह्याचे उत्तर होऊन गेलेले असे. इंग्रजी अमलात ह्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी अर्ज केला, की ह्या रकमेतून उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन द्यावे, आणि शहरात केवढे वादळ उठले! जोतीराव फुले त्या सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले होते.

‘तुला काय येते?’ आणि ‘तू कोणाचा?’ हे दोन प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावेत. मुलाखतीचा सारा इतिहास म्हणजे ह्या दोन प्रश्नांची ओढाताण आहे.

इंग्रजांच्या घरीही काही निराळे नव्हते. कंपनी सरकारच्या मोठ्या नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीवर मिळत. पुतणे, भाचे, जावई ह्यांची सोय हिंदुस्थानात होई. १८५३ च्या कायद्याने शिफारस गेली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली स्पर्धापरीक्षा झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर त्या परीक्षेत निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले, आणि त्यांची नेमणूक झाली ती आपल्या मुंबई इलाख्यात. १९१८ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांनी ह्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला. लेखी कागद उमेदवाराचे कूळ विचारीत नाही, हा त्याचा मोठा उपकार. अर्थात लंडनपर्यंतचे भाडे त्या कागदाने कधी दिले नाही. १९२२ पासून ती परीक्षा अलाहाबादेसही होऊ लागली तेव्हा दार आणखी थोडे उघडले.

पण केवळ कागदावरून माणूस कळतो का, ही शंकाही जुनीच आहे. ह्या शंकेचे सर्वांत थोर उत्तर मला मुंबईतल्या एका भेटीत दिसते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेस पाठवण्यासाठी विद्यार्थी निवडले, त्यांत भीमराव आंबेडकर होते. महाराजांनी त्यांना भेटीस बोलावून, पारखून घेतले. दरमहा साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती ठरली आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार झाला. तो तरुण कोलंबिया विद्यापीठात काय झाला हे जगाला ठाऊक आहे. निवडणाऱ्याने ‘काय येते?’ एवढेच पाहिले. परंतु १९१७ साली करार पाळण्यासाठी आंबेडकर बडोद्यास आले तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद फेकीत, आणि गावात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी खानावळीतूनही त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. मुलाखतीच्या खोलीत एक शहाणा राजा बसला, तरी खोलीबाहेरचा समाज दुसराच प्रश्न विचारीत होता. पुढल्याच वर्षी, १९१८ साली, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

निवडीची तिसरीच तऱ्हा किर्लोस्करवाडीला दिसते. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव एकदमच वसवले. त्यांनी माणसे घेतली ती प्रशस्तिपत्रे पाहून नव्हे. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. दरोड्याची शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे गावाचे विश्वासू पहारेकरी झाले. असल्या माणसांना पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत बसवले असते तर पहिल्याच प्रश्नाला, ‘आधी काय करीत होता?’ ह्यालाच ती बाद झाली असती. लक्ष्मणरावांनी त्यांना काम दिले आणि काम पाहिले. ही पुन्हा उमेदवारीच होती, फक्त पगारी आणि दार उघडे ठेवलेली.

असा उदार मालक प्रत्येक गावाला मिळत नाही, आणि हजारो माणसे घाईने निवडावयाची झाली तर वर्षभर वाट पाहावयास सवड नसते. दुसऱ्या महायुद्धात ही अडचण सैन्याला पडली. विलायतेत अधिकारी निवडावयाचे तर बड्या शाळांतली मुले, घराणे, बोलण्याची ढब हे पाहून निवडीत. त्यांतले पुष्कळ कुचकामी निघू लागले. तेव्हा १९४२ साली नव्या निवड समित्या नेमल्या गेल्या. त्यांत मानसशास्त्रज्ञ होते. उमेदवारांचा एक गट करावा, त्यात कोणालाच म्होरक्या नेमू नये, एक अडचण सोपवावी आणि कोण काय करतो ते पाहावे, अशी युक्ती निघाली. १९४३ साली हीच पद्धत डेहराडूनला आली. आजही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जावयाचे तर लेखी परीक्षेला नऊशे गुण आणि पाच दिवस चालणाऱ्या ह्या निवडीला नऊशे गुण असतात. मराठी मुले ह्या पाच दिवसांत मागे पडतात असे दिसल्यावर महाराष्ट्र सरकारने १९७७ साली औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. मुलाखत ही शिकवता येणारी गोष्ट आहे, ह्याची ती सरकारी कबुली म्हणावी. हिंजवडीत आमची मुले ज्याला ‘जीडी’ म्हणतात आणि घाबरतात, ती गटचर्चा ह्याच लष्करी युक्तीची धाकटी बहीण आहे. तिथे मोठ्याने बोलणाऱ्याला गुण मिळतात हा गैरसमज आहे. अडलेली चर्चा कोण पुढे नेतो ते पाहावयाचे असते.

आता पुण्याकडे वळू. १९७४ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी ह्यांनी फळ्यावर टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. तरुण, हुशार, कष्टाळू इंजिनिअर पाहिजेत. स्त्रियांनी अर्ज करू नयेत. त्यांनी एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिले, की असा भेद तुमच्या घराण्याला शोभत नाही. थोड्याच दिवसांत तार आली: कंपनीच्या खर्चाने पुण्याला मुलाखतीस या. पिंपरीच्या कचेरीत सहाजण समोर बसले होते. प्रश्न विद्येचे निघाले, उत्तरे बिनचूक आली. मग त्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मायेने समजावले, की कारखान्यात आजवर बाई घेतलेली नाही. कुठूनतरी सुरुवात करावीच लागेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि टेल्कोच्या त्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून ओळखल्या गेल्या. १९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सोबती ह्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली तेव्हा सुरुवातीचे दहा हजार रुपये त्यांनीच साठवणीतून काढून दिले. आज हिंजवडीत त्या कंपनीचे विस्तीर्ण आवार आहे आणि मुलींचे घोळकेच्या घोळके त्याच्या फाटकातून आत जातात. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या एका पोस्टकार्डाने त्या फाटकाचा अडसर हलवला होता, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक असावे.

‘तू कोणाचा?’ हा प्रश्न मात्र सहजी मरत नाही. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रवेशासाठी लेखी शंभर आणि तोंडी पन्नास गुण ठेवले होते. दोन-तीन मिनिटांत मुलाखत संपे, आणि विचारले जाई ते वडील कोण, गाव कोणते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० साली न्यायालयाने सांगितले, की अशा निवडीत मुलाखतीला शेकडा पंधरांहून अधिक गुण देणे मनमानीचे ठरेल. आज केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत, आणि ती मुलाखत मराठीतूनही देता येते. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणींच्या नोकऱ्यांसाठी मुलाखत बंदच केली. कारण साधे होते, तिथे वशिला आणि पैसा शिरत होता. संशोधकांनीही हा हिशेब मांडला आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर ह्या दोघा अमेरिकनांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या अभ्यासांचे सार काढले. सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीहून अधिक खरी ठरते, आणि प्रत्यक्ष काम करवून घेणे ही तर उत्तम पारखांपैकी एक, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या जुन्या कचेरीतल्या थोरल्या कारकुनाला हे सांगितले असते तर तो हसला असता. हिंजवडीतल्या कंपन्या आता शिकाऊ मुलांना सहा महिने कामावर ठेवून मग नेमतात, संगणकावर आधी प्रोग्राम लिहून घेतात. इंग्रजीत तिला इंटर्नशिप म्हणतात. उमेदवारी मागच्या दाराने परत आली आहे, आणि पगार नसेल तर जुना दोषही बरोबर घेऊन आली आहे.

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट सांगतो. मुलाखत म्हणजे अर्ध्या तासात कोंबलेली उमेदवारी आहे. समोरच्यांना तुमचे वर्षभराचे काम पाहावयाचे असते, पण त्यांच्यापाशी वर्ष नसते. म्हणून ते वर्ष तुम्ही खोलीत घेऊन जा.

औसा तालुक्यातली एक मुलगी आली होती. पाठ केलेल्या व्याख्या इंग्रजीत म्हणताना तिसऱ्या वाक्याला अडखळे आणि डोळ्यांत पाणी येई. मी विचारले, ‘बाळ, तू स्वतः काय केले आहेस?’ म्हणाली, वडील गावात दूध संकलन केंद्र चालवतात, त्यांच्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. मग फॅटचा आकडा चुकीचा पडला तर पैसे कसे चुकतात, शेतकरी भांडावयास येतो तेव्हा जुनी नोंद कशी काढावयाची, वीज गेली तर काय, हे ती दहा मिनिटे मराठीत न थांबता सांगत राहिली. मी म्हटले, हेच सोप्या इंग्रजीत, लहान वाक्यांत सांगावयाचे. पंधरा दिवस आम्ही तेवढेच केले. तिला तिसऱ्या ठिकाणी नोकरी लागली. पहिल्या दोन ठिकाणी का लागली नाही हे कोणी सांगितले नाही. तसे कोणी सांगत नाहीत, आणि त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नये.

तयारीची बाकी कलमे थोडी आहेत. आपण केलेली तीन कामे निवडावीत. प्रत्येकात अडचण काय होती, आपण काय केले, काय फसले आणि शेवटी काय हाती आले, हे स्वतःच्या शब्दांत मांडावे. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार असे धरून चालावे; जे येत नाही ते लिहू नये. कंपनी काय बनवते ते आदल्या दिवशी वाचून जावे. आपल्यालाही एक प्रश्न विचारावयाचा आहे हे विसरू नये: पहिल्या वर्षी मला कोणते काम असेल? वाकडच्या पुलावर गाडी अडते, म्हणून तासभर आधी निघावे. मुलाखत घरबसल्या पडद्यावर असेल तर आदल्या दिवशी आवाज आणि उजेड पाहून ठेवावा.

आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. १९२१ साली एडिसनने नोकरी मागणाऱ्यांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची एक यादी केली होती. तिच्यातले प्रश्न फुटले आणि अमेरिकेत त्यांचा बोलबाला झाला. त्याच वर्षी आईन्स्टाईन अमेरिकेत होते. कोणीतरी त्यांना त्या यादीतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला. पुस्तकात सहज मिळते ते मी डोक्यात बाळगीत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आपण आईन्स्टाईन नव्हे, हे खरे. म्हणून ‘ठाऊक नाही’ ह्याच्या पुढे ‘पण मी ते असे शोधून काढीन’ एवढे जोडावे. चांगला परीक्षक त्या दुसऱ्या वाक्याचीच वाट पाहत असतो.

फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या काका-मामांना, आत्या-मावश्यांना शेवटी एक विनंती. घरात एखादा उमेदवार असेल तर दिवाळीचे चार दिवस त्याच्या चार मुलाखती होतात, आणि त्यांतला प्रत्येक प्रश्न ‘लागली का?’ आणि ‘किती देतात?’ एवढाच असतो. ह्या वर्षी तो प्रश्न बदलून पाहावा. चकलीचे ताट पुढे करून, ‘तू काय केलंस ते आजीला समजेल असं सांग,’ असे म्हणावे. आजीने मध्येच शंका विचारावी, त्याने ती फोडावी. जे आजीला मराठीत पटले ते हिंजवडीतल्या चौघांना पटवणे फार अवघड नाही. शिवाय घरात एकदा त्याला बरोबरीच्या नात्याने ऐकून घेतले गेले, की त्या खोलीतही तो बरोबरीने बसेल. जुन्या कागदांत मुलाखतीचा अर्थ तोच होता.